लॉगिन मंजूर करायला एकच वाय-फाय लागत नाही

मालवण, वेंगुर्ला, गुहागरकडे होमस्टे चालवणाऱ्यांत एक समज पक्का बसलाय: कॉम्प्युटरवर लॉगिन करून फोनच्या अ‍ॅपमध्ये ‘मंजूर’ दाबायचं, तर दोन्ही एकाच वाय-फायवर हवेत. मग फोन डेटावर असला की माणसं आधी वाय-फायचा पासवर्ड शोधत बसतात.

तशी काही गरज नाही. अशा लॉगिनमध्ये ब्राउझर आणि फोन एकमेकांशी बोलतच नाहीत; दोघंही सर्व्हरशी बोलतात. ब्राउझरची विनंती आली की सर्व्हर ती ‘प्रलंबित’ म्हणून नोंदवतो, अ‍ॅपला कळवतो आणि मोकळा होतो. ब्राउझर अधूनमधून विचारत राहतो: झालं का? टीव्हीसारख्या उपकरणांच्या लॉगिनसाठी २०१९ मध्ये आलेल्या आरएफसी ८६२८ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकात दोनदा विचारण्यामधलं हे अंतर, वेगळं सांगितलं नसेल तर, ५ सेकंदांचं आहे. ‘सावकाश विचार’ असं उत्तर आलं, तर त्यात आणखी ५ सेकंद वाढवायचे. मुदत संपली की विनंती बाद.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. जवळ असण्याची अट नाही, म्हणजे चोरालाही ती नाही. तो कुठूनही विनंती धाडेल आणि तुम्ही गडबडीत ‘मंजूर’ दाबाल. म्हणून अशी सोय बांधणाऱ्यांनी कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसणारा आकडा अ‍ॅपमध्ये टाकायला लावावा, आणि मंजुरी एकदाच वापरता येईल असं बघावं.

फोनमधली पासकी (पासवर्डऐवजी वापरायची डिजिटल किल्ली) क्यूआर कोडने दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरताना मात्र जवळ असावं लागतं. पण तिथेही लागतं ते ब्लूटूथ, एकच वाय-फाय नव्हे.