बाजारबुणगे ते ‘शेपूट’: एका हिणवणीची पार्श्वभूमी

फौजी पेन्शन घेऊन गावात परतला की पारावर पहिला प्रश्न ठरलेला: ‘बॉर्डरवर होता का बा?’ ‘नाही, सप्लायमध्ये होतो’ म्हटलं की विचारणारा तंबाखू मळत दुसरीकडं पाहतो.

यासाठी मराठीत फार आधीपासून शब्द आहे, बुणगे. फौजेसोबतचं सामानसुमान आणि न लढणारी माणसं, एवढाच त्याचा साधा अर्थ. दाणेवाले, घिसाडी, खिदमतगार, बायकापोरं, यात्रेकरू सगळे त्यात आले. पुढं ‘बाजार’ चिकटला आणि शिवी झाली, ती पानिपतामुळं. बुणगे मागं ठेवा हा जाट राजाचा सल्ला मानला नाही, म्हणून 14 जानेवारी 1761 चा दिवस पाहावा लागला, असं आपण पिढ्यान्पिढ्या ऐकतो. खाणारी तोंडं जास्त होती, खरंच. पण फौज उपाशी राहिली ती रसद तुटली म्हणून. यात्रेकरूही बुणगा आणि धान्य पोचवणाराही बुणगाच. एकाच शब्दात दोघं कोंबले की खापर फोडणं सोपं जातं.

आपल्याच भागात, विदर्भात, 1803 मध्ये अडगाव आणि गाविलगड जिंकणाऱ्या इंग्रजी फौजेची भिस्त बंजाऱ्यांच्या लदेणीच्या बैलांवर होती. त्या तांड्यांचं स्मारक कुठं पाहिल्याचं आठवत नाही.

पहिल्या महायुद्धात इंग्रज शिपाई पिछाडीच्या लोकांना ‘बेसवाला’ म्हणू लागले; ‘वाला’ इथूनच गेलेला. व्हिएतनाममधली अमेरिकन शिवी छापण्याजोगी नाही. इराकमध्ये तळ न सोडणारा ‘फॉबिट’ झाला.

आपल्या सैन्यात ‘आर्म्स’ आणि ‘सर्व्हिसेस’ अशी विभागणी आहे. सिग्नल, इंजिनिअर मधले, ‘सपोर्टिंग आर्म्स’. बोलताना मात्र दोनच: दात, म्हणजे लढणारे, आणि शेपूट, म्हणजे मागून पुरवठा करणारे. 2017 मध्ये एका समितीच्या शिफारशींवरून सुमारे 57,000 जागांची फेरमांडणी जाहीर झाली, सैन्याला दूध पुरवणारे 39 मिलिटरी फार्म बंद करायचं ठरलं, तेव्हा ‘शेपूट छाटणार’ हीच भाषा होती.

त्याच्या आदल्याच वर्षी, मे अखेरच्या रात्री, पुलगावच्या दारूगोळा डेपोत आग लागली. स्फोटांनी आसपासची गावं अंधारात घराबाहेर पडली. मेलेल्यांत दोन अधिकारी होते, बाकी बहुतेक डेपोच्या अग्निशमन दलातले. आगीकडं गेले होते ते. हिशेबात सगळे शेपटातले.