निसरडं हवं, पण बेताचं

पिकअपच्या गिअरबॉक्समधल्या तेलाकडून दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा असते. दात्यांमध्ये ते इतकं निसरडं हवं, की माल भरून चढ चढतानाही पोलादाला पोलाद घासू नये. आणि त्याच डब्यात पितळेच्या एका रिंगने पोलादी शंकूला क्षणभर घट्ट पकडायचं असतं, तेव्हा त्याने मध्ये कडमडू नये. गिअरबॉक्सच्या निम्म्याअधिक तक्रारी मला तरी या दोन कामांतल्या ओढाताणीच्याच वाटतात.

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पुढे जाण्याचे सगळे गिअर एकमेकांत कायम गुंतलेलेच असतात. आपण दांडी हलवतो तेव्हा एक सरकती स्लीव्ह हवा तो गिअर मुख्य शाफ्टशी जखडते, एवढंच. पण त्या क्षणी दोघांचे वेग वेगळे असतात. ते जुळवण्याचं काम सिंक्रो रिंगचं, म्हणजे वर सांगितलेल्या त्या पितळी रिंगचं. तिच्या आतल्या बाजूला बारीक आटे कोरलेले असतात. ते गिअरच्या शंकूवरचा तेलाचा पापुद्रा कापून बाजूला सारतात, रिंग शंकूला चावते आणि गिअरचा वेग शाफ्टच्या वेगाला येऊन मिळतो. तोवर रिंगचे बाहेरचे दाते स्लीव्हला वाट अडवून धरतात. दांडी मध्येच किंचित अडल्यासारखी वाटते ती यामुळे. तिथे जोर लावणारा माणूस ते आटे झिजवत असतो.

आता तेल. तेलाच्या डब्यावर जीएल-४ किंवा जीएल-५ असा गिअर ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो. दोन्हींत गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घातलेली असतात, जीएल-५ मध्ये बरीच जास्त. प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत ही संयुगं पोलादावर एक पातळ थर धरतात. धातूऐवजी तो थर झिजतो. मागच्या अ‍ॅक्सलमधल्या हायपॉइड गिअरमध्ये दाते नुसते फिरत नाहीत, एकमेकांवरून घसरतातही, म्हणून तिथे जीएल-५ लागतंच. तेच तेल पितळी रिंगा असलेल्या गिअरबॉक्समध्ये ओतलं, तर रिंगला पकड मिळेनाशी होऊ शकते आणि काही तेलांतलं गंधक पितळही खातं. म्हणजे मोठ्या आकड्याचं तेल भारी, हा हिशेब इथे चालत नाही. काही मॅन्युअल गिअरबॉक्सना तर ऑटोमॅटिकचं पातळ तेल लागतं. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घालावं.

गिअरबॉक्स खाली उतरवण्याआधी कानांचा उपयोग करावा. एकच गिअर टाकताना करकर होत असेल, तर बहुधा त्याच गिअरची रिंग गेली आहे. सगळेच गिअर करकरत असतील, तर संशय क्लचवर घ्यावा. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून काही सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही करकरला, तर क्लच नीट सुटत नाही. कदाचित क्लच दाबणाऱ्या तेलाच्या नळीत (हायड्रॉलिकमध्ये) हवा शिरली असेल आणि गिअरबॉक्स बिचारा निर्दोष असेल. न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टची (इंजिनकडून ताकद आणणाऱ्या) किंवा ले-शाफ्टची (मुख्य शाफ्टला समांतर फिरणाऱ्या) बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच सोडवणारी रिलीज बेअरिंग. सर्वांत मजेशीर खूण म्हणजे सगळ्या गिअरांत हुंकारणारा गिअरबॉक्स डायरेक्ट गिअरमध्ये, म्हणजे बहुतेकदा चौथ्यात, गप्प होतो. तिथे ताकद ले-शाफ्टला वळसा न घालता सरळ मागे जाते, त्यामुळे त्याच्या बेअरिंगवरचा भार उतरतो.

ऑटोमॅटिकमध्ये हीच ओढाताण आणखी नाजूक होते, कारण इथल्या क्लच प्लेट तेलातच बुडालेल्या असतात. त्या झटका न देता धरल्या जाव्यात, पण घसरतही राहू नयेत, यासाठी तेलात घर्षण नेमकं राखणारे पदार्थ मिसळतात. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत यासाठी चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल वापरलं जायचं.

ऑटोमॅटिकचा खरा शत्रू मात्र उष्णता. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ मध्ये पेटंट घेतलेली ही कल्पना मुळात जहाजांसाठी होती. एक पंखा तेल फेकतो आणि दुसरा त्या माऱ्याने फिरतो. दोघांच्या वेगात जितका फरक, तितकं तेल घुसळतं आणि तापतं. सपाट रस्त्यावर आतला लॉक-अप क्लच दोघांना जोडून टाकतो. माल भरून सावकाश चढताना तो सुटलेला असतो. तेल साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखात असतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं, की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. या ठोकताळ्याने ९० अंशांचं तेल १२०ला गेलं, तर ते आठपट वेगाने खराब होतं. म्हणून ओझं असताना टो मोड (ओझ्यासाठीची सेटिंग) लावावा किंवा खालच्या गिअरला गाडी ठेवावी. इंजिन ओरडेल, ओरडू द्यावं.

तेलाची लेव्हल पाहतानाही तापमान विसरून चालत नाही. १० लिटर तेल २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं, की जवळपास अर्ध्या लिटरने फुगतं. गार असताना खुणेपर्यंत भरलेलं तेल गरम झाल्यावर जास्त होतं आणि फेसाळतं. डिपस्टिकवरचं तेल काळपट आणि जळक्या वासाचं असेल, तर क्लच प्लेट करपायला लागल्या आहेत. ते दुधाळ गुलाबी दिसलं, तर रेडिएटरमधल्या तेलाच्या कूलरमधून कूलंट आत शिरलंय. प्लेटवरचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं, तो त्यात सुटतो. तशी गाडी सुरू करून ‘बघू जरा’ म्हणण्यात अर्थ नाही.

तेल बदलताना पॅनच्या तळाच्या चुंबकाकडे जरूर पाहावं. त्यावर करडा, मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण असतील, तर आत काहीतरी तुटलंय. शिवाय ड्रेन प्लग उघडून साधारण निम्मंच तेल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. मध्ये थोडी गाडी चालवून दोनदा बदललं, तर तीन चतुर्थांश नवं होतं.

बंद पडलेली पिकअप ओढून नेताना चालवणारी चाकं वर उचलावीत, किंवा गाडी पूर्णच ट्रकवर चढवावी. ऑटोमॅटिकचा तेलपंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं जमिनीवर, तर गिअर कोरडेच फिरतात. न्यूट्रलमध्ये ओढलेल्या मॅन्युअलमध्येही तेल उडवणारा ले-शाफ्ट थांबलेला असतो.