लंगडत नाही, म्हणजे दुखत नाही?

‘घोडा लंगडत नाही, चारा खातो, म्हणजे ठणठणीत आहे; तंग (खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावतो ती निव्वळ खोड.’ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही समजूत खरी नाही.

घोडा मुळात शिकार होणारा प्राणी. दुखणं दाखवलं तर कळपात तोच आधी हेरला जाणार, म्हणून तो ते लपवतो. शिवाय लंगडणं बहुधा पायाच्या नाहीतर खुराच्या दुखण्याचं. पाठ दोन्ही बाजूंनी सारखीच आखडली, तर चाल वाकडी होत नाही, फक्त पाऊल आखूड पडतं. माथेरानच्या चढावर माणसं आणि सामान वाहणाऱ्या घोड्यांच्या बाबतीत हे कळणं मला फार गरजेचं वाटतं.

पडताळा सोपा आहे. खोगीर उतरवा. कण्यापासून चार बोटं सोडून, खांद्यामागून पुठ्ठ्यापर्यंत (मागच्या मांसल भागापर्यंत) सपाट बोटांनी हळूहळू दाबत जा. मग दुसरी बाजू. निरोगी स्नायू मऊपणे दबतो. दुखऱ्या जागी घोडा पाठ खाली घेतो, कान मागे पाडतो, शेपटी झटकतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा तसंच झालं, तर ती खोड नव्हे. खोगिराखाली उगवलेले पांढरे केसही जुन्या दाबाची खूण असतात.

अशा आखडलेल्या पाठीला मालिशने आराम पडू शकतो. पण खोगीर नीट बसत नसेल तर दुखणं परत येईल. जागा गरम किंवा सुजलेली असेल, विश्रांतीतही ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर मालिश नको, आधी पशुवैद्य. कामानंतर पुठ्ठे दगडासारखे घट्ट आणि लघवी गडद तपकिरी दिसली, तर घोड्याला चालवूसुद्धा नका, पशुवैद्यांना तिथेच बोलवा.