एक पुडी, पण किती पाण्यात?

गेल्या पावसाळ्यात गिरगावातल्या आमच्या चाळीत शेजारच्या काकूंच्या नातवाला जुलाब लागले. काकूंनी केमिस्टकडून ओआरएसची पुडी आणली, फुलपात्रभर पाण्यात सगळी रिकामी केली, ढवळली आणि पोराच्या तोंडाला लावली. पहिल्याच घोटाला त्याने ते थुंकलं. काकू माझं दार वाजवत आल्या. मी आयुष्यभर केमिस्ट्री शिकवली, त्यामुळे मला औषधांतलं कळतं असा चाळीचा जुना गैरसमज आहे. मी पुडी डोळ्यांजवळ धरून वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं: एक लिटर पाण्यात विरघळवा.

"अहो, पुडी तेवढीच जाणार ना पोटात? पाणी मागाहून पाजते की," काकू म्हणाल्या.

या प्रश्नाला हसू नये. माझे बरेच विद्यार्थी इथेच अडकायचे. पदार्थ किती आहे हा एक प्रश्न, आणि तो किती द्रावणात पसरलाय हा दुसरा. दुसऱ्याच्या उत्तराला संहती म्हणतात. आतड्याला मागाहून येणाऱ्या पाण्याची वाट पाहता येत नाही. या क्षणी समोर जे द्रावण आहे, त्याच्याशीच त्याची गाठ असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटरच्या पुडीत 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं. एकूण 20.5 ग्रॅम, म्हणजे लिटरमागे साधारण दोन टक्के. पण टक्केवारी इथे फसवते. ग्लुकोज मिठाच्या पाचपट दिसतं आणि वाटतं, हे साखरपाणीच झालं. किलोभर बोरं म्हणजे शंभरेक नग आणि किलोभर नारळ म्हणजे दोन-तीन. वजन सारखं, नग वेगळे. रसायनशास्त्राला नगांशी कर्तव्य असतं, आणि तिथला डझन म्हणजे मोल. तो भलताच मोठा डझन आहे: 6 वर 23 शून्यं द्या, जवळपास तेवढे कण. एक मोल ग्लुकोजचं वजन 180 ग्रॅम, मिठाचं 58.5 ग्रॅम.

आता भागाकार करू. 13.5 भागिले 180 म्हणजे 0.075 मोल, अर्थात 75 मिलिमोल ग्लुकोज. मिठाच्या एका नगात सोडियमचा एक कण, म्हणून 2.6 भागिले 58.5 म्हणजे सुमारे 44 मिलिमोल सोडियम. सायट्रेटचा मोल 294 ग्रॅमचा, म्हणजे ते जेमतेम 10 मिलिमोल, पण त्याच्या प्रत्येक नगात सोडियमचे तीन कण असतात. म्हणून तिथून आणखी 30 मिलिमोल येतात. बेरीज जवळजवळ 75. वजनात विजोड वाटणारी ग्लुकोज-सोडियमची जोडी नगांत बरोबरीची निघाली. हे मुद्दाम केलेलं आहे. आतड्याच्या भिंतीत एक वाहक प्रथिन असतं, ते ग्लुकोज आणि सोडियम एकत्रच आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी जातं. हा हिशेब पहिल्यांदा समजला तेव्हा मी त्या पुडीकडे आदराने पाहायला लागलो. 1971 साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं असंच द्रावण पिंपांतून पाजून कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले होते.

काकूंच्या फुलपात्रात पाणी होतं साधारण 200 मिलिलिटर. लिटरचा पाचवा हिस्सा, म्हणजे संहती पाचपट: लिटरला 75 पंचे 375 मिलिमोल सोडियम. आपल्या रक्तात ते 140च्या आसपास असतं, आणि खुल्या समुद्राच्या पाण्यात 470च्या. पोरगं उगाच थुंकलं नव्हतं. काकू त्याला गिरगाव चौपाटीच पाजायला निघाल्या होत्या. (भर पावसाळ्यात नाल्यांचं गोडं पाणी मिसळून चौपाटीचा समुद्र थोडा फिका पडतो, तेवढं समुद्राच्या बाजूने सांगायला हवं.)

मग काय झालं असतं? काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की पाणी सुटतं, तेच. पाणी विरळ बाजूकडून दाट बाजूकडे जातं. नीट केलेल्या ओआरएसमध्ये सगळ्या विरघळलेल्या कणांची बेरीज लिटरला 245 मिलिमोल भरते. रक्तात ती 290च्या आसपास असते. म्हणून पाणी शरीरात शिरतं. पूर्वीच्या सूत्रात हीच बेरीज 311 होती, रक्तापेक्षा किंचित जास्त. 2002 साली ती खाली आणली गेली. फुलपात्रात ती 1,225 झाली होती. शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढलं गेलं असतं आणि मुलाच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीला चढलं असतं.

द्रावण फेकायची मात्र गरज नव्हती. पाणी वाढवलं तरी आतले नग तेवढेच राहतात, म्हणून आधीची संहती गुणिले आधीचं आकारमान बरोबर नंतरची संहती गुणिले नंतरचं आकारमान. 375 गुणिले 200 म्हणजे 75,000. त्याला 75 ने भागा, उत्तर 1,000 मिलिलिटर. आणखी 800 मिलिलिटर उकळून गार केलेलं पाणी घालायचं, झालं.

इथे एक बारकावा आहे. 'लिटरभर पाण्यात' आणि 'लिटरभर द्रावण होईल इतक्या पाण्यात' या दोन गोष्टी एक नाहीत. वीस ग्रॅमच्या पुडीला फरक नगण्य. पण गुलाबजामच्या पाकासाठी लिटरभर पाण्यात किलोभर साखर विरघळवून बघा: दोन लिटर होत नाही, एक लिटरही राहत नाही, एक लिटर सहाशेच्या आसपास भरतं. म्हणूनच प्रयोगशाळेत पदार्थ आधी थोड्या पाण्यात विरघळवतात आणि मग चंबूच्या मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी भरतात.

काकूंकडे चंबू कुठला? त्यांनी तांब्या पुढे केला, "हा लिटरचाच आहे." लिटरच्या बाटलीने मोजला तर त्यात सव्वा लिटर मावलं. काठोकाठ भरला असता तर 75चे 60 झाले असते. शेवटी बाटलीभर पाणी ओतून ते जिथवर आलं, तिथे काकूंनी सुनेच्या नेलपॉलिशने तांब्याच्या आतून खूण करायला घेतली. मी म्हटलं, आतून नको, बाहेरून करा. मग बाहेरून बोटाने अंदाज घेत एक लाल रेघ उमटली, जराशी तिरकी.