विकत घेतलेले जंगल: व्हाइट माउंटनची पार्श्वभूमी

अमेरिकेतले राष्ट्रीय वन म्हटले की कधी कुऱ्हाड न लागलेले अरण्य डोळ्यांपुढे येते. न्यू हॅम्पशायरमधल्या व्हाइट माउंटन राष्ट्रीय वनाबाबत ही समजूत साफ चुकीची आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी यातले अनेक डोंगर बोडके, काही तर जळके होते. आज इथे तंबू ठोकायला जाणारा माणूस त्या तोडीच्याच खुणांवरून चालत असतो.

१८६७ साली राज्याने आपल्याकडची सुमारे १,७२,००० एकर डोंगराळ जमीन २६,००० डॉलरना विकून टाकली, म्हणजे एकराला जेमतेम १५ सेंट. लाकूड कंपन्यांनी दऱ्यांमधून रूळ टाकले. जे. ई. हेन्री याच्या लिंकन गावातून निघणाऱ्या रेल्वेने पेमिगेवासेट नदीचे खोरे पिंजून काढले. ओंडके गेले, फांद्या-शेंड्यांचा ढीग मागे वाळत पडला. इंजिनाची ठिणगी किंवा वीज पडली की तो पेटे. १९०३ आणि १९०७ च्या वणव्यांत काही उतारांवर झाडांबरोबर मातीही जळाली. उघड्या उतारांवर पाणी थांबेना. खाली मेरिमॅक नदीवरच्या कापड गिरण्यांना कधी पूर तर कधी कोरडे पात्र, असे दिवस आले. जंगल वाचवा म्हणणाऱ्या निसर्गप्रेमींच्या सोबतीला गिरणीमालक उभे राहिले ते यामुळे.

अडचण कायद्याची होती. पश्चिमेकडची राष्ट्रीय वने सरकारच्याच जमिनीतून काढलेली. इथे जमीन खाजगी, आणि देखाव्यासाठी एक सेंटही द्यायचा नाही, अशी प्रतिनिधिगृहाचे सभापती जो कॅनन यांची भूमिका. जन्माने याच डोंगरांतले, पण मॅसॅच्युसेट्समधून निवडून आलेले जॉन वीक्स यांनी नदीची वाट धरली: जलवाहतुकीच्या नद्यांचे उगम राखणे हे केंद्राचे काम, म्हणून तिथली जमीन केंद्राने विकत घ्यावी. १ मार्च १९११ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांची त्या कायद्यावर सही झाली. तुकड्या-तुकड्यांनी खरेदी होत १९१८ च्या मे महिन्यात हे राष्ट्रीय वन जाहीर झाले. आज ते सुमारे ८ लाख एकर आहे. थोडा भाग शेजारच्या मेन राज्यात जातो.

हे वन कृषी खात्याखाली आहे, राष्ट्रीय उद्यानांसारखे अंतर्गत व्यवहार खात्याच्या (इंटिरियर) ताब्यात नाही. त्यामुळे ठरावीक भागात आजही लाकूडतोड होते आणि हंगामात शिकारही. नोव्हेंबरमध्ये पायवाटेवर भडक नारिंगी जाकीट घालावे ते याचसाठी.

पायवाटा मात्र वनापेक्षा जुन्या. क्रॉफर्ड पाथ १८१९ चा. १८७६ साली डोंगरभटक्यांचा अ‍ॅपलाचियन माउंटन क्लब स्थापन झाला आणि १८८८ मध्ये त्याने मॅडिसन स्प्रिंगला मुक्कामासाठी पहिली झोपडी बांधली. त्या काळच्या वाटा वळणे न घेता सरळ माथ्याकडे चढतात. पावसाचे पाणीही मग त्याच वाटेने उतरते, माती वाहून जाते आणि धोंडे उरतात. ताशी तीन मैलांचा हिशोब इथे कोलमडतो. जुना आडाखा चांगला: दर मैलाला अर्धा तास, वर दर १,००० फूट चढाला आणखी अर्धा तास. टकरमन दरीतून माउंट वॉशिंग्टन या इथल्या सर्वोच्च शिखराला ४.२ मैल आणि सुमारे ४,२५० फूट चढ, म्हणजे विश्रांती सोडून चार तासांवर.

माउंट वॉशिंग्टनची उंची १,९१७ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा पावणेतीनशे मीटरनेही जास्त नाही. सह्याद्रीत मुरलेले लोक इथेच फसतात. साधारण १,४०० मीटरच्या आसपास झाडे संपतात आणि पुढे आडोसा नाही. १२ एप्रिल १९३४ रोजी या माथ्यावर ताशी २३१ मैल वारा नोंदला गेला. सुती कपडे भिजले की जुलैतही अंग गारठते. लोकरी किंवा सिंथेटिक थर आणि वाऱ्याचे जाकीट पाठपिशवीत हवेच. ढग उतरताना दिसले तर झाडांच्या हद्दीतूनच मागे फिरावे.

सपाट वाट हवी असेल तर लिंकन वुड्स. सुमारे तीन मैल ती जवळजवळ समतल आहे, कारण ती हेन्रीच्या रेल्वेचाच भराव. ही रेल्वे १९४८ पर्यंत चालली. काही ठिकाणी स्लीपर अजून दिसतात. ओले असले की पाय घसरतो.

मोटारीचा रस्ता उशिरा आला. दोन बाजूंनी येऊन थांबलेले दोन रस्ते १९५९ मध्ये जोडले गेले आणि ३४.५ मैलांचा कॅन्कमॉगस हायवे झाला. नाव सतराव्या शतकातल्या पेनाकुक या मूळ रहिवासी जमातीच्या नेत्याचे. १९६४ मध्ये डांबर पडले. घाटमाथा २,८५५ फुटांवर. लिंकन ते कॉनवे वाटेत पेट्रोल पंप नाही आणि बऱ्याच भागात फोनला रेंज नाही, तेव्हा टाकी भरून आणि नकाशा उतरवून घेऊन निघावे. संध्याकाळी मूस हे भलेमोठे हरीण रस्त्यावर येते. त्याचे पाय इतके उंच की डोळे हेडलाइटच्या झोतात येत नाहीत. पानांचे रंग साधारण सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. बॉस्टनकडची मराठी मंडळी याच शनिवार-रविवारी येतात, आणि सकाळी नऊनंतर वाहनतळात जागा मिळणे कठीण.

या रस्त्यावरचे ब्लॅकबेरी क्रॉसिंग तंबूस्थळ म्हणजे १९३० च्या मंदीत बेकार तरुणांना काम देणाऱ्या सरकारी योजनेची छावणी. त्यांच्या चुलाण्यांचे दगडी अवशेष अजून उभे आहेत. रानात मुक्काम करायचा तर पायवाट आणि पाणी यांच्यापासून २०० फूट, म्हणजे साधारण ८० पावले आत जावे. झाडे ८ फुटांहून खुजी असतील तिथे उन्हाळ्यात तंबू लावायला मनाई आहे, कारण तिथली झुडपे तुडवली गेली तर भरून यायला कित्येक वर्षे लागतात. घरून, म्हणजे दुसऱ्या राज्यातून, डिकीत सरपण आणू नये. उष्णतेची प्रक्रिया न केलेल्या लाकडाला बंदी आहे, कारण त्यातून राखेच्या रंगाच्या सालीचे अ‍ॅश वृक्ष मारणारी कीड पसरते. गावातल्या दुकानात लाकडाची मोळी मिळते.