कालप्रवासी प्रेमकादंबरी (कुमारवयीन)

कालप्रवासी प्रेमकादंबरी : साधारणपणे बारा ते अठरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिला जाणारा कादंबरीप्रकार. प्रेमात पडलेल्या दोघांपैकी एक जण दुसऱ्या काळातला असतो. त्यामुळे घरचा विरोध, जात, पैसा हे अडथळे पुढे येण्याआधी काळच आडवा येतो.

एच. जी. वेल्स यांनी १८९५ मध्ये कालप्रवासाला यंत्र दिले. प्रेमकथेला त्याची फारशी गरज पडली नाही. जुनी अंगठी, बंद खोली, घराण्यातून आलेली शक्ती एवढ्यावर तिचे भागते. लेखकाला एक नियम मात्र आधीच ठरवावा लागतो : भूतकाळ बदलता येतो की नाही? हा नियम मध्येच वाकवला, तर वाचकाचा विश्वास उडतो.

मराठीत काळाशी खेळणारी सर्वांत परिचित कथा पुण्याच्याच एका माणसाची आहे. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात पोहोचतात, जिथे १७६१ची लढाई मराठ्यांनी जिंकलेली असते. ती प्रेमकथा नाही. पण वेगळ्या काळात शिरायला ओळखीचे शहर पुरते, हे तिने दाखवून दिले.

पुण्यात घडणाऱ्या अशा कादंबरीसाठी कोणते साल निवडायचे, हा कळीचा प्रश्न आहे. शनिवारवाडा आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी तिथे झालेला नारायणराव पेशव्यांचा खून यांचा मोह होणे साहजिक आहे. मात्र त्या काळी पेठेतल्या ब्राह्मण घरात सोळा वर्षांची अविवाहित मुलगी सापडणे जवळजवळ अशक्य. ती कुणाची तरी सून असेल, नाहीतर विधवा. पुढे शंभरेक वर्षांनी, १८९१ मध्ये, मुलीचे संमतिवय (शरीरसंबंधासाठीचे किमान वय) दहावरून बारा करणारा कायदा झाला, तेव्हाही पुण्यात कडवा विरोध झाला आणि त्यात टिळक आघाडीवर होते. नायिकेला नऊवारी नेसवून आजच्या मुलीसारखी मोकळी फिरवणारा लेखक त्या काळातल्या मुलींवर अन्याय करतो. तिचे वैधव्य कथेत घेतले, तर प्रेमाला खरे वजन येते. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. तरी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केले, तेव्हा समाजाने त्यांना वाळीत टाकले.

जवळचा काळ अधिक फलदायी ठरतो. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेत धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही, आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले. आजचा मुलगा आदल्या दिवशी नारायण पेठेत पोहोचला, तर त्याला उद्याचे ठाऊक असते, ऐकणार कोण? भूतकाळ बदलण्याचा नियम इथे कागदावर राहत नाही, त्यावर माणसांचे जीव टांगलेले असतात. शिवाय तेव्हा सतरा वर्षांची असलेली मुलगी आजही ऐंशी ओलांडून हयात असू शकते. परत आलेल्या मुलाला तिला शोधता येते. पेशवाईतल्या नायिकेबाबत ही सोय नाही.

तिच्यापर्यंत पोहोचायचे ते कागदांतून, आणि ते कागद मोडी लिपीत. पुणे अभिलेखागारातल्या पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, उघडले, तरी आजच्या मुलाला त्यातली एक ओळ लागणार नाही. प्रेयसीचे पत्र हातात असून आधी लिपी शिकावी लागणे, हा विलंब कादंबरीला फार उपयोगी पडतो.