बीसी१पी वाला पत्ता ॲप घेत नाहीये? आधी हे वाचा

नमस्कार मंडळी,

सपोर्टला हल्ली एकच प्रश्न सारखा येतोय. समोरच्याने दिलेला, बीसी१पी (bc1p) ने सुरू होणारा बिटकॉइनचा पत्ता (ज्यावर पैसे पाठवायचे तो) आपलं वॉलेट ॲप इनव्हॅलिड म्हणतं, आणि तो माणूस तर शपथेवर सांगतो की पत्ता बरोबर आहे, मग खरं कोण? तुमच्याकडे जुनं व्हर्जन असेल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. कसं ते सांगतो.

बिटकॉइनच्या पत्त्यात शेवटची काही अक्षरं नुसती तपासणीसाठी असतात, त्याला चेकसम म्हणतात. टाइप करताना एखादं अक्षर चुकलं की हिशोब जुळत नाही आणि ॲप तिथेच अडवतं. २०१७ मध्ये पीटर वुइल आणि ग्रेग मॅक्सवेल यांनी बेच३२ नावाची पद्धत मांडली, बीसी१ ने सुरू होणारे पत्ते ते हेच. सगळं एकाच केसमध्ये, म्हणजे मोबाइलवर कॅपिटल-स्मॉलची कटकट नाही (जुने १ किंवा ३ ने सुरू होणारे पत्ते हाताने टाइप करून बघा म्हणजे कळेल). बीसी१ च्या पुढे १, बी, आय, ओ ही गोंधळात टाकणारी अक्षरं वापरायचीच नाहीत असं ठरलं. शेवटची ६ अक्षरं चेकसमची, आणि ४ पर्यंत अक्षरांच्या जागी चुकीची अक्षरं पडली तर ती चूक पकडली जाणार म्हणजे जाणारच.

पण अक्षर बदलणं वेगळं आणि अक्षर वाढणं किंवा गळणं वेगळं. इथेच घोळ निघाला. पत्त्याचं शेवटचं अक्षर पी असेल तर त्याच्या बरोबर आधी कितीही क्यू घाला, किंवा तिथे असलेले काढा, चेकसमला ते कळतच नाही! साधारण ३२ पैकी एका पत्त्याचा शेवट पी ने होतो, म्हणजे अगदीच दुर्मिळ नाही.

हे का होतं ते शाळेतल्या भागाकाराने कळतं. समजा नियम असा, की ७ ने भागल्यावर बाकी १ उरली की पत्ता बरोबर. १४१ ची बाकी १, ठीक. आता शेवटच्या १ च्या आधी शून्य घुसवा, १४०१ ची बाकी पण १, १४००१ ची पण १च. बेच३२ मध्ये क्यू म्हणजे शून्य, पी म्हणजे एक, आणि अपेक्षित बाकी नेमकी १. गणित जरा वेगळ्या जातीचं आहे पण दुखणं हेच.

उपाय काय केला, तर बाकीच बदलली. १ च्या जागी एक भला मोठा आकडा, जो शेवटच्या एका अक्षरात मावतच नाही, सहाच्या सहा अक्षरांवर पसरतो. इतर सगळं होतं तसंच. याचं नाव बेच३२एम, प्रस्ताव २०२० च्या डिसेंबरचा, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये टॅपरूट (बिटकॉइनच्या नियमांतली एक सुधारणा) सुरू झालं तेव्हापासून बीसी१पी वाले पत्ते याच पद्धतीने बनतात. जुन्या ॲपला ही नवी बाकी माहीतच नाही, म्हणून ते नाही म्हणतं.

मग बीसी१क्यू वाल्यांनी घाबरायचं का? अजिबात नाही. ते अजून जुन्याच बेच३२ वर आहेत पण त्यांची लांबी ठरलेली आहे, ४२ नाहीतर ६२ अक्षरं, त्यामुळे एखाददुसरा क्यू वाढला की लांबीवरच पकडला जातो. पत्ता बदलायची काही गरज नाही. टॅपरूटच्या बीसी१पी पत्त्यांना मात्र पत्त्याच्या पातळीवर अशी एकच लांबी ठरलेली नव्हती, आणि चुकीच्या लांबीच्या पत्त्यावर गेलेले पैसे सध्याच्या नियमाने कोणीही उचलू शकतो, म्हणून तिथे हा बदल करणं भागच होतं.

तर ॲप अपडेट करा. तेवढ्यात पैसे पाठवायचेच असतील तर समोरच्याकडून बीसी१क्यू वाला पत्ता मागून घ्या. पत्त्यातली अक्षरं स्वतः इकडेतिकडे करून बघू नका प्लीज, चूक कुठे असेल ते ॲप दाखवू शकतं पण दुरुस्ती आम्ही मुद्दामच आपोआप करत नाही, कारण दुरुस्त झालेला पत्ता भलत्याचाच निघू शकतो.

इथेरियम (बिटकॉइनसारखंच दुसरं डिजिटल चलन) वापरणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथे चेकसम कॅपिटल-स्मॉल अक्षरांतच लपवलेला असतो. अख्खा पत्ता स्मॉलमध्ये टाइप केलात तर तपासणीच होत नाही, म्हणून कायम कॉपी-पेस्ट.

आणि चेकसम फक्त टायपिंगची चूक पकडतो. व्हायरसने कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलून चोराचा टाकला तर तो पत्ता नियमाने एकदम शुद्धच असतो, ॲप काही बोलणार नाही. पेस्ट केल्यावर सुरुवातीची, शेवटची आणि मधलीही चार अक्षरं जुळवून बघा, रक्कम मोठी असेल तर आधी थोडेसे पाठवून पोचले का ते विचारा.

एवढं करूनही अडलं तर पत्ता मजकूर म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको, फोटोतला क्यू मोजताना आमचेही डोळे जातात. सीड फ्रेज (वॉलेट परत उघडायचे गुप्त शब्द) आम्ही कधीच मागत नाही, आमच्या नावाने कुणी मागितलीच तर सरळ फोन ठेवा.